बाहेरचा कोण? वरोरच्या किनाऱ्यावरून काही विचार

वाणगाव स्थानकावर उतरायचे, चिंचणीची गाडी पकडायची आणि तिथून डहाणूकडे जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्याला लागायचे. वाटेत वरोर लागते. एका बाजूला समुद्र, मासळी वाळत घातलेले बांबूचे मांडव, त्या वासाची सवय झालेली घरे. दुसऱ्या बाजूला वाड्या, भाताची खाचरे, आदिवासी पाडे. कित्येक घरांच्या ओटीवर माणसे मान खाली घालून पोलादाच्या तुकड्यावर नक्षी कोरताना दिसतात. हे डाय बनवणारे कारागीर. आपल्या लेकीसुनांच्या अंगावरचे कानातले, पदके, पेंडंट ज्या ठशांवर उठतात, त्यांतले पुष्कळ ठसे याच चिंचणी-वरोर-डहाणू पट्ट्यात कोरले जातात. दागिना घेताना हे गाव कोणाला आठवत नाही.

आता मात्र वरोरचे नाव वर्तमानपत्रांत येते ते वाढवण बंदरामुळे. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते या बंदराची पायाभरणी झाली. खर्च सुमारे 76 हजार कोटी रुपये. समुद्रात भराव टाकून सुमारे 1448 हेक्टर जागा नव्याने तयार करायची, आणि बंदरापासून मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील तव्यापर्यंत 32 किलोमीटरचा रस्ता काढायचा. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही घोषणा या किनाऱ्यावरच्या लहान मुलांनाही पाठ आहे.

बंदर व्हावे की नाही, हा या लेखाचा विषय नाही. त्यावर जाणकार बोलले आहेत, न्यायालयात लढाया झाल्या आहेत. आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. मासळीचे बोलणे निघाले की ते थोड्याच वेळात माणसांवर येते. बंदर झाले तर कोण येणार? किती येणार? आपल्या पोरांना काम मिळणार की बाहेरून आलेल्यांना? जत्थ्याने माणसे आली तर रात्री-अपरात्री बायकामुलींनी बाहेर पडायचे की नाही? ‘बाहेरचे’ हा शब्द इथे रोज ऐकू येतो. आणि हा शब्द ऐकला की, खोटे कशाला बोलावे, आम्हा मुसलमानांचे कान टवकारतात. कारण तो फिरत फिरत कुठे येऊन थांबतो, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे.

म्हणून या काळजीकडे जरा शांतपणे पाहायचे ठरवले. आधी आकडे. 2011 च्या जनगणनेत डहाणू तालुक्याची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास होती. तिच्यात दहापैकी सात माणसे आदिवासी. शेजारच्या तलासरीत दीड लाखाच्या आसपास लोक आणि दहापैकी नऊ आदिवासी. मुस्लिम वस्ती डहाणू, चिंचणी, तारापूर अशा मोजक्या गावांत, तीही थोडी. दुसरीकडे बंदरामुळे प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून दहा ते बारा लाख रोजगार निर्माण होतील, असे सरकारनेच सांगितले. वरोरच्या माणसाने ही बेरीज-वजाबाकी बोटांवर केली आहे. तालुक्यात माणसे चार लाख आणि कामे बारा लाख, तर ही कामे करायला येणार कोण? यात कोणाचा द्वेष नाही, साधे गणित आहे. मोजणीची तर गंमतच आहे. 2021 ची जनगणना झालीच नाही, ती आता 2027 साठी ठरली आहे. मधल्या सोळा वर्षांत कोण आले, कोण गेले, हे कागदावर नाही. कागदावर आकडा नसला की तो चहाच्या टपरीवर तयार होतो, आणि टपरीवरचा आकडा नेहमी मोठाच असतो.

त्यात जवळचा अनुभव आहे. 1969 साली तारापूरची अणुवीज सुरू झाली. मग औद्योगिक वसाहत आली, बोईसर गावाचे शहर झाले. तारापूरच्या पुढच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. वरोरहून हे सगळे हाताच्या अंतरावर. तेव्हा इथला मच्छीमार बाहेरच्या माणसाविषयी बोलतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर उत्तर प्रदेशचा किंवा ओडिशाचा मजूर असतो असे नाही. कधी कधी उठलेले गाव असते.

आता एक जुनी गोष्ट. ती या परिसरातली असूनही आपल्या घरांत फारशी सांगितली जात नाही. गेल्या शतकात, पन्नाशीच्या दशकात, चिंचणीला काही ताम्रपट सापडले. वरोरपासून अगदी जवळ. त्यातला एक शके 848 चा, म्हणजे इ. स. 926 चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यात लिहिले आहे की संयान मंडलाचा, म्हणजे आजच्या संजाणच्या परिसराचा, कारभार ‘मधुमती’ नावाच्या अधिकाऱ्याकडे होता. तो ताजिक कुळातला. त्या काळात अरबांना ताजिक म्हणत, आणि मधुमती हे ‘मुहम्मद’चे संस्कृत रूप, असे अभ्यासकांनी उलगडून दाखवले आहे. राष्ट्रकूट राजाने, दुसऱ्या कृष्णाने, या किनाऱ्याची जबाबदारी एका अरब मुसलमानाच्या हाती दिली होती.

त्याने काय केले, तेही ताम्रपटात आहे. नद्या ओलांडण्यासाठी फुकट नाव ठेवली. संजाणला अन्नछत्र काढले. तिथे भात, कालवण आणि तूप मिळे. आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठाला गाव आणि जमीन इनाम देण्यात आली, ती याच मधुमतीच्या संमतीने. म्हणजे अकराशे वर्षांपूर्वी समुद्रावरून आलेला एक मुसलमान इथल्या लोकांना भात-कालवण वाढत होता आणि देवीच्या मठाची सोय पाहत होता. आम्ही हे पहिल्यांदा वाचले तेव्हा दोनदा वाचले.

पारशी मंडळी याच संजाणला उतरली. पुढे संकटाच्या काळात त्यांनी आपला पवित्र अग्नी जवळच्या बाहरोटच्या डोंगरातील गुंफांत लपवून ठेवला, असे ते मानतात. फार नंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, इराणातून आणखी जरथुष्ट्री कुटुंबे आली. त्यांनी डहाणू-घोलवडला चिकूच्या वाड्या उभ्या केल्या. आज घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. चिकू मुळात मेक्सिकोकडचा, वाडीवाला इराणचा, आणि फळ ‘आमच्या डहाणूचे’!

शिवाय 1960 साली राज्ये वेगळी झाली तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि उरलेल्या गावांचा तलासरी तालुका झाला. एका रेषेने काल शेजारच्या पाड्यावर राहणारा मामा दुसऱ्या दिवशी परराज्यातला झाला. त्याने घर बदलले नव्हते, बोली बदलली नव्हती.

एवढे सांगून ‘पाहा, सगळेच बाहेरचे, मग भीती कशाची’ असे म्हणून मोकळे होता आले असते. पण ते आदिवासी वाचकाला पटणार नाही, आणि न पटण्याचे कारण खरे आहे. वारल्यांच्या आठवणीत बाहेरून आलेला माणूस अन्नछत्र घेऊन आला नव्हता. तो सावकार म्हणून आला, जंगलाचा ठेकेदार म्हणून आला. जमीन गेली, वेठबिगारी आली, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस आयुष्यभराचा लग्नगडी झाला. 1945 मध्ये गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी उठाव केला, तो याविरुद्ध. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीने परवानगीशिवाय घेऊ नये, हा कायदा अशा अनुभवातून आला आहे. तो इथे आजही लागू आहे आणि असलाच पाहिजे. आपल्यापैकी कोणी डहाणूकडे स्वस्तात जागा मिळते म्हणून कोणाच्या नावावर व्यवहार करण्याच्या विचारात असेल, तर त्याने हे लक्षात ठेवावे. असा व्यवहार शरीअतच्या दृष्टीनेही धोक्याचा आहे. नाव एकाचे, पैसा दुसऱ्याचा आणि हक्क तिसऱ्याचा.

तेव्हा भीतीला आठवण असते. पण भीतीचा माणसांच्या संख्येशी संबंध किती? इथे पाहण्यासारखी एक विचित्र गोष्ट आहे.

16 एप्रिल 2020 ची रात्र. टाळेबंदी चालू होती. डहाणू तालुक्यातल्याच गडचिंचले या दुर्गम गावी दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक यांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारे, चोर, दरोडेखोर फिरत आहेत, अशी अफवा कित्येक दिवस मोबाईलवरून पसरत होती. त्याच दिवसांत त्याच भागात मदतीसाठी गेलेल्या एका डॉक्टरच्या पथकावरही हल्ला झाला होता. त्याआधी 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी मारले गेले. ते मंगळवेढ्याकडचे होते. या दोन्ही ठिकाणी बाहेरून आलेल्यांची गर्दी नव्हती. उलट बाहेरचा माणूस क्वचितच दिसायचा, म्हणून तो दिसताच संशयाला जागा मिळाली.

गडचिंचलेनंतर काय झाले, ते आपल्या घरांनी जवळून पाहिले. घटनेला धर्माचा रंग चढवून मुसलमानांकडे बोट दाखवणारे संदेश देशभर फिरू लागले. अखेर तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या 101 जणांची यादी जाहीर करावी लागली आणि तीत एकही मुसलमान नाही, हे सांगावे लागले. मारणारे आणि मरणारे दोघेही आपल्या समाजाबाहेरचे, गावात आपली वस्ती नाही, तरी संशय आपल्यावर. ते दिवस आठवले की अजूनही घशाशी येते.

अर्थात नवी वस्ती वाढल्याने चिंता वाढतच नाही, असेही नाही. ती वाढते, पण वेगळ्या हिशेबाने. मुंबईचेच पाहू. 1961 च्या जनगणनेत मुंबईत मराठी भाषक शंभरात 43 च्या आसपास होते. गुजराती भाषकांची संख्या दाक्षिणात्यांपेक्षा बरीच जास्त होती. पण 1966 मध्ये शिवसेना स्थापन झाली तेव्हा रोख होता दाक्षिणात्यांवर. ‘मार्मिक’मध्ये ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात, त्या त्यांच्याच. का? गुजराती मालक होता, व्यापारी होता. मराठी मुलगा काही त्याच्या पेढीसाठी भांडत नव्हता. त्याला हवी होती कारकुनाची, टंकलेखकाची खुर्ची, आणि त्या खुर्चीवर दाक्षिणात्य तरुण बसलेला दिसत होता. राग सर्वांत मोठ्या गटावर गेला नाही, तो शेजारच्या खुर्चीवर गेला. 2008 मध्ये तो उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांवर आणि रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या मुलांवर गेला.

दूरच्या देशातही असेच दिसते. 2016 साली ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्यासाठी मत दिले, आणि त्या प्रचारात परदेशातून येणाऱ्यांचा प्रश्न मोठा होता. लंडनमध्ये तीनपैकी एकाहून जास्त माणसे परदेशात जन्मलेली; त्या शहराने संघात राहण्याच्या बाजूने कौल दिला. बॉस्टन नावाच्या छोट्या शेतीच्या गावात अशी माणसे लंडनच्या निम्म्यानेही नव्हती, पण दहा वर्षांत ती शंभरात तीनवरून पंधरावर गेली होती. शेतात भाजी काढायला आलेले पूर्व युरोपचे मजूर होते ते. तिथे शंभरात पंचाहत्तरांनी बाहेर पडण्याचे मत दिले. लंडनला बाहेरच्या माणसाची पिढ्यान्‌पिढ्या सवय होती. बॉस्टनला ती व्हायला वेळच मिळाला नाही. वरोरच्या लोकांना ज्याची धास्ती आहे ते हेच. आलेला माणूस कोण, याहून तो किती लवकर आणि किती एकदम येतो आणि कोणाच्या ताटातले घेतो, हे जास्त महत्त्वाचे ठरते.

आता आपल्याकडे येऊ. सध्या ‘बाहेरचा’ या शब्दाचे नवे नाव ‘बांगलादेशी’ आहे. बेकायदा येणाऱ्याला शोधणे हे सरकारचे काम आहे आणि ते त्याने करावे. पण ते घाईत झाले की काय होते, याची उदाहरणे आहेत. 1998 च्या जुलैमध्ये मुंबई पोलीस काही बंगाली भाषकांना बांगलादेशी म्हणून रेल्वेने घेऊन जात होते. पश्चिम बंगालमध्ये उलुबेरिया स्थानकावर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवले आणि त्यांच्या नागरिकत्वावरून दोन सरकारांत वाद झाला. 2025 च्या जूनमध्ये महाराष्ट्रात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले. ते भारतीय निघाल्यावर त्यांना परत आणावे लागले. मालेगावात उशिरा दिलेल्या जन्मदाखल्यांवरून आरोप झाले, जानेवारी 2025 मध्ये सरकारने विशेष तपास पथक नेमले, आणि असे दाखले देणे राज्यभर थांबले. मालेगावचे मोमीन विणकर 1857 च्या धामधुमीनंतर उत्तरेतून आले. पाच-सहा पिढ्या लुगडी विणून झाल्या तरी दारावर प्रश्न तोच.

म्हणून प्रत्येक घराने एक काम करावे, आजच. मूल जन्मले की 21 दिवसांत नोंद करावी. तोवर शुल्क लागत नाही. एक वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जावे लागते. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मदाखलाच लागतो. आजी-आजोबांचा दाखला नसेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढून ठेवावा. आणि नावे! एकाच माणसाचा शेख, शैख आणि शेक तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेला असतो, आणि आपण ‘चालतंय’ म्हणून सोडून देतो. हीच अडचण डहाणूच्या पाड्यावर घरी जन्मलेल्या आदिवासी बाईचीही आहे, हे आपल्याला क्वचितच सुचते.

आणि एक गोष्ट संकोच सोडून लिहितो. आपल्याही मोहल्ल्यांत हे बोलणे चालते. भिवंडीत कोकणी मुसलमान मूळचे, विणकर उत्तरेतून आलेले. कोणाच्या मशिदीची कमिटी, कोणाची भाषा, कोणाच्या मुलीचे लग्न कुठे, यावरून किती वर्षे कुजबूज चालली! ‘हे यूपीवाले आले आणि मोहल्ला बिघडला’ हे वाक्य आमच्या नातेवाइकांच्या दिवाणखान्यात आम्ही ऐकले आहे, आणि गप्प बसलो आहोत. उद्या वाढवणला कामासाठी बिहारचा किंवा बंगालचा मजूर येईल, त्यांत कलमा वाचणारेही असतील. त्यांना खोली भाड्याने द्यायची वेळ येईल तेव्हा आपली परीक्षा आहे. दुप्पट भाडे घेऊन एका खोलीत बारा जण कोंबायचे आणि मग शेजाऱ्यांनी तक्रार केली की ‘ते बाहेरचे’ म्हणून हात झटकायचे, असे आपल्यापैकी काहीजण करतात.

मदीनेतही हा प्रश्न होता. हिजरतनंतर अन्सार आणि मुहाजिर यांच्यात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बंधुत्व जोडून दिले. साद बिन रबी (रजि.) यांनी आपले अर्धे धन देऊ केले तेव्हा अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी दुआ दिली आणि फक्त बाजाराची वाट विचारली. ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. दुसरी सांगत नाही. मुरैसीच्या मोहिमेत विहिरीवर पाण्यावरून एक मुहाजिरांकडचा आणि एक अन्सारांकडचा असे दोघे भांडले. दोघांनी आपापल्या लोकांना हाका मारल्या. अब्दुल्लाह बिन उबय याने ती संधी साधली: आपण यांना पोसले, आता हेच आपल्यावर चढले, मदीनेला परतलो की पाहून घेऊ, अशा अर्थाचे तो बोलला. भांडण पाण्याचे होते. त्याने ते मुक्कामी आणि आलेल्यांचे केले. प्रेषितांनी (स.) तिथे भाषण केले नाही. अवेळी कूच करण्याचा हुकूम दिला आणि दिवसभर, रात्रभर, दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत लोकांना चालवत ठेवले. थांबल्यावर माणसे जमिनीला पाठ टेकताच झोपी गेली. कुजबुजायला कोणात त्राण उरले नव्हते. बातमी आली की आधी खातरजमा करा, ही सूरह हुजुरातची शिकवण आपण जाणतोच. मोबाईलवर पुढे ढकलण्याआधी ती आठवली तरी पुष्कळ.

वरोरचा पाण्याचा प्रश्न म्हणजे समुद्र आहे, काम आहे. स्थानिकांना आधी काम, आधी शिक्षण, उठणाऱ्याला योग्य मोबदला, येणाऱ्या मजुराची ठेकेदाराकडे नोंद आणि राहण्याची धड सोय, हे सरकारला आणि ठेकेदाराला विचारायचे आहे. ते विचारले नाही तर राग खाली उतरतो, आणि खाली तंबूत झोपलेला मजूर सापडतो.

या किनाऱ्याची शेवटची एक बाजू सांगितली पाहिजे. डहाणू-तलासरीची माणसे स्वतःही बाहेर जातात. वीटभट्टीवर भिवंडी-वसईला, कारखान्यांत उंबरगाव-वापीला, आणि पाड्यांवरची तरुण मुले खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर, ओखा-पोरबंदर-वेरावळला. समुद्रात रेघ दिसत नाही. बोट पाकिस्तानच्या हद्दीत गेली म्हणून त्यांच्या सागरी सुरक्षा दलाची गस्त पकडते आणि कराचीच्या मलीर तुरुंगात नेते. इथल्या पाड्यांवरची कित्येक घरे अशी वाट पाहत बसलेली आहेत. भारत आणि पाकिस्तान दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलै रोजी एकमेकांच्या तुरुंगातल्या कैद्यांच्या याद्या बदलतात. यादीत नाव आले तरी तो माणूस भारतीयच आहे, याची खात्री पटल्याशिवाय सुटका होत नाही. मग पोलीस पाड्यावर येतात आणि त्याच्या आईकडे शिधापत्रिका, शाळेचा दाखला, काहीही कागद मागतात. कुडाच्या भिंतीत खोचलेली प्लास्टिकची पिशवी ती काढते, आणि पोलिसांपुढे एकेक कागद उलगडत बसते.